पाळण्यासाठी मुंगी कोणती? आधी तुमचे गाव सांगा

मुंग्या पाळण्याची इच्छा झालेला मनुष्य बहुधा पहिला प्रश्न जातीचा विचारतो: सुरुवातीला कोणती मुंगी घ्यावी? या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, की तुम्ही राहता कुठे? रत्नागिरी, पुणे, चंद्रपूर आणि न्यू जर्सी या चार ठिकाणी मी चार वेगवेगळी उत्तरे देईन. जगात मुंग्यांच्या चौदा हजारांहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे आणि त्यांतील आठशेहून अधिक भारतात आढळतात. असे असूनही आपल्याकडचे नवखे लोक इंटरनेटवरील युरोपीय याद्या वाचून ‘लेसियस नायजर’ नाही तर ‘मेसर बार्बारस’ शोधत बसतात आणि त्या मिळत नाहीत म्हणून खट्टू होतात, तेव्हा त्यांच्याच अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी डोंगळ्यांची रांग चाललेली असते.

त्या याद्या चुकीच्या नाहीत, फक्त त्या तिकडच्या आहेत. लेसियस नायजर ही युरोपातील बागांमध्ये आणि पदपथांच्या फटींत राहणारी काळी मुंगी असून जुलै-ऑगस्टमधील उबदार, निवांत दुपारी तिच्या पंखवाल्या राण्या हजारोंनी बाहेर पडतात. त्यामुळे ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत राहणाऱ्याला ती फुकट मिळते आणि जपायलाही सोपी जाते. तिची एक राणी बंदिस्त अवस्थेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. पण तिला हिवाळ्यात काही महिने पाच-सहा अंश तापमानाची विश्रांती लागते आणि ती महाराष्ट्रात देणे म्हणजे घरच्या फ्रिजमध्ये वसाहत ठेवणे. मेसर बार्बारस ही स्पेन, पोर्तुगाल आणि उत्तर आफ्रिकेतील धान्यवेची मुंगी आहे. शरद ऋतूतील पावसानंतर तिची उड्डाणे होतात आणि दाणे खाऊन राहते म्हणून ती लोकप्रिय आहे. धान्यवेच्या मुंग्या आपल्याकडेही आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

परदेशी मुंगी मागवण्याचा मोह होणाऱ्यांनी कायदा आधी वाचावा. जिवंत कीटक भारतात आणायचे तर २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशानुसार आधी परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेत तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राणी नेण्यासाठीही तेथील कृषी खात्याची परवानगी लागते, आणि ऑस्ट्रेलियाने बाहेरच्या मुंग्यांना दारे जवळजवळ बंदच ठेवली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये केनियातील नैवाशा येथे बेल्जियमच्या दोन तरुणांकडे सुमारे पाच हजार मुंग्या सापडल्या, त्यांत ‘मेसर सेफॅलोटिस’ या जातीच्या राण्या होत्या आणि त्या कापूस घातलेल्या नळ्यांत भरलेल्या होत्या. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड, नाही भरल्यास बारा महिने कैद अशी शिक्षा सुनावली. छंदासाठी गोळा केल्या, हा बचाव उपयोगी पडला नाही.

आपल्याकडे कुठे काय मिळते

महाराष्ट्रातील जवळजवळ कुठल्याही गावात मिळणारी आणि नवख्याच्या हातून सहज न मरणारी मुंगी म्हणजे डोंगळा. काही भागांत त्यालाच मुंगळा म्हणतात. शास्त्रीय नाव ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’. झाडाच्या मुळाशी मातीत घर करणारी, संध्याकाळी आणि रात्री अधिक हिंडणारी, माव्याच्या व तत्सम किड्यांच्या गोड स्रावावर जगणारी ही मोठी काळी मुंगी आहे. तिला नांगी नसते. चावते आणि चावलेल्या जागी आम्ल सोडते, त्यामुळे चुरचुरते एवढेच. एकाच वारुळात बारीक कामकरी आणि मोठ्या चौकोनी डोक्याच्या कामकरी दोन्ही असतात, त्यामुळे पाहायलाही ती कंटाळवाणी होत नाही. मुख्य सोय अशी, की तिची राणी स्वतःला कोंडून घेऊन पहिली पिढी वाढवते: पंखांचे निकामी झालेले स्नायू आणि अंगातील चरबी यांच्यावर ती आठवडे काढते, अन्न मागत नाही. दोष एकच, वाढ धिमी. पहिल्या वर्षाअखेर दोन-तीन डझन कामकरी झाल्या तरी समाधान मानावे. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी ‘फायडोल’ या मोठ्या डोक्याच्या शिपायांच्या बारीक मुंगीकडे वळावे. तिचे पहिले कामकरी महिन्याभरात दिसू लागतात आणि मग संख्या झपाट्याने वाढते, इतकी की दुसऱ्या वर्षी डबा कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो.

देशावर, म्हणजे पुणे, नगर, सोलापूर या कोरड्या पट्ट्यात, धान्यवेच्या मुंग्यांची चांगली विविधता आहे. माळरानावर भोकाभोवती गवताच्या कुसळांचे आणि फोलपटांचे कडे पडलेले दिसले, तर ते ‘ट्रायकोमिर्मेक्स’ वंशाचे वारूळ असण्याची शक्यता मोठी. पुण्याचा तर या विषयाशी जुना संबंध आहे. मुंबई इलाख्यात नोकरीस असलेले कर्नल साइक्स यांनी पुण्यात मुंग्यांना गवताचे बी साठवताना आणि ओले झालेले बी उन्हात वाळत घालताना पाहिले आणि १८३५ मध्ये त्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले; आज ती ‘फायडोल प्रॉव्हिडेन्स’ या नावाने ओळखली जाते. मुंग्या धान्य साठवतात ही जुनी समजूत युरोपातील अभ्यासक त्या काळी भाकडकथा मानू लागले होते, म्हणून या निरीक्षणाला महत्त्व आले. हे वाळवण स्वतःच्या टेबलावर पाहायचे असेल तर पुणेकराने स्पेनकडे बघण्याचे कारण नाही.

कोकण आणि गोव्यात मात्र पहिली नजर आंब्या-काजूवरच्या तांबड्या मुंगीकडे जाते. कोकणात ओंबील, गोव्यात हुमले, शास्त्रीय नाव ‘इकोफिला स्मॅरॅग्डिना’. जिवंत पाने एकमेकांजवळ ओढून, आपल्याच अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने ती शिवणारी ही मुंगी आहे. ओडिशातील मयूरभंजच्या ज्या काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती हिचीच. पाहायला अप्रतिम, पण पहिली मुंगी म्हणून मी कोणालाही हिची शिफारस करणार नाही. एका वसाहतीची घरटी अनेक फांद्यांवर, कधी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि राणी त्यांतल्या एकातच असते. त्यामुळे घरटे तोडून आणणाऱ्याच्या हाती चावे येतात, राणी येत नाही. जिच्या घराला झाड लागते तिला झाडावरच पाहावे.

सह्याद्रीत प्रकार आणखी वाढतात आणि तेथेच नवख्याची फसगतही होते. पावसाळी जंगलाच्या कडेला दिसणारी ‘डायकॅमा’ ही मोठी काळी, खरबरीत अंगाची मुंगी अनेकांना आवडते आणि ते तिची राणी शोधत फिरतात. डायकॅमाला राणी नसतेच. कामकऱ्यांपैकी एक अंडी घालते आणि नव्याने जन्मलेल्या इतरांच्या पाठीवरचे कळीसारखे इवले अवयव तोडून त्यांचा मिलनाचा मार्ग बंद करते. गोव्यापासून केरळपर्यंतच्या जंगलांत ‘हार्पेग्नॅथॉस साल्टेटर’ ही उड्या मारून शिकार करणारी, लांब जबड्यांची मुंगी आहे. तिची राणी मेली तर कामकरी आपसांत मिशांनी झुंजतात आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. अशा कामकरीचा मेंदू सुमारे पाचव्या हिश्श्याने आक्रसतो आणि तिला पुन्हा सामान्य कामकरी केले तर तो परत वाढतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे. तिची राणी कोंडून घेत नाही, स्वतः शिकारीला जाते. म्हणजे तिला रोज जिवंत किडा लागतो. दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतरचे हे काम आहे. शिवाय अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलता येत नाही. बोरिवली, कर्नाळा, कोयना, ताडोबा यांच्या हद्दीत मुंगीसाठीही हात आखडता घ्यावा.

विदर्भात डोंगळा आहे, फायडोल आहे, धान्यवेच्याही आहेत. तिथली अडचण जातींची नसून उन्हाळ्याची आहे.

काय पाळू नये हेही स्थळावर ठरते. साखरेच्या डब्यात शिरणाऱ्या फिक्या, बारीक घरमुंग्या प्रत्येक शहरात विनासायास मिळतात आणि नेमक्या म्हणूनच त्या टाळाव्यात: त्यांच्या वसाहतीत अनेक राण्या असतात, केसाएवढी फट त्यांना पुरते आणि एक राणी चार कामकऱ्यांसह निसटली तरी स्वयंपाकघरात नवे बिऱ्हाड मांडते. मूळची अमेरिकेतील पण आता भारतभर पसरलेली ‘सोलेनॉप्सिस जेमिनाटा’ ही आगमुंगी नांगी मारते. झाडाच्या खोडावर एकेकटी फिरणारी, काळे डोके, तांबूस छाती आणि काळे पोट असलेली ‘टेट्रापोनेरा रुफोनायग्रा’ तर हातानेही उचलू नये. तिच्या दंशाने काहींना गंभीर ॲलर्जी होते.

राणी शोधणे आणि ओळखणे

वारूळ खणून राणी काढू नये. ती खोल असते, खणताना बहुधा मरते आणि मागे राहिलेली वसाहत संपते. पंखवाल्या राण्या आपणहून बाहेर येतात तेव्हा एक उचलावी. एरवीही त्यांतल्या बहुतेक पाली, बेडूक आणि चिमण्यांच्या पोटी जातात. आपल्याकडे वळवाच्या सरींनंतर आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, हवा दमट आणि वारा पडलेला असेल अशा संध्याकाळी, घराबाहेरच्या दिव्याखाली पांढरी चादर किंवा जुने धोतर टांगावे आणि आठ ते दहाच्या दरम्यान पाहत राहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्ची, जिना आणि अंगणातील फरशीही पाहावी. पंख टाकलेली राणी जागा शोधत एकटीच चालत असते.

याच दिवसांत दिव्यावर वाळवीचेही थवे येतात आणि दर वर्षी कोणीतरी वाळवी आणून मुंगीची राणी म्हणून ठेवतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि कंबर नाहीच. मुंगीच्या पुढच्या पंखांची जोडी मोठी, मिशा कोपरातून दुमडल्यासारख्या आणि कंबर दोऱ्याएवढी बारीक. एवढे पाहिले की घोळ होत नाही.

दुसरी चूक माझ्या पदरी पैसे देऊन पडली. सुरुवातीच्या काळात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून डोंगळ्याची ‘राणी’ मागवली. आलेली मुंगी मोठी होती, डोके भले थोरले होते, दोन महिने ती नळीत नुसती फिरत राहिली आणि मेली. भिंगाखाली पाहिल्यावर कळले, की ती मोठ्या डोक्याची कामकरी होती. राणीचे डोके पाहायचे नसते, छाती पाहायची असते. कामकरीची छाती अरुंद आणि कण्यासारखी असते. राणीची छाती फुगीर, वरून पाटीसारखी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंख गळाल्याच्या बारीक खुणा असतात. डोंगळ्याची राणी दीड सेंटिमीटरहून लांब भरते आणि तिचे पोट शरीराच्या मानाने जड दिसते. नराचे डोके मात्र मोहरीएवढे, अंग सडपातळ. तो थोड्या दिवसांत मरतो, त्याला पाळून उपयोग नाही. पंख टाकलेली राणी बहुधा मिलन झालेली असते, पण हमी नाही. मिलन न झालेल्या राणीच्या अंड्यांतून फक्त नर निघतात, म्हणून शक्य असेल तर दोन-तीन राण्या वेगवेगळ्या नळ्यांत ठेवाव्यात.

पहिली नळी

शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी काचेची परीक्षानळी, सोळा मिलिमीटर व्यासाची आणि पंधरा सेंटिमीटर लांबीची, डोंगळ्याला पुरते. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला आणि इतर शहरांत प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. तिचा एक तृतीयांश भाग उकळून गार केलेल्या पाण्याने भरावा आणि औषधाच्या दुकानातील शोषक कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पाण्याला टेकेपर्यंत सरकवावा. बोळा पाण्याच्या बाजूने ओला आणि राणीच्या बाजूने नुसता दमट लागला पाहिजे. सैल बसला तर पाणी झिरपून राणी बुडते, आणि मध्ये हवेचा फुगा राहिला तर बोळा सुकतो. राणी आत सोडून तोंडाशी दुसरा, कोरडा आणि हवा खेळेल असा बोळा बसवावा, नळी काळ्या कागदात गुंडाळावी आणि हादरे न बसणाऱ्या खणात ठेवून द्यावी.

यानंतरचे काम सर्वांत अवघड, ते म्हणजे काहीच न करणे. दहा दिवसांतून एकदा, तेही मंद प्रकाशात, पाहावे. रोज उघडून पाहिलेली राणी घाबरून आपलीच अंडी खाते. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमानात अंड्यापासून पहिली कामकरी निघेपर्यंत डोंगळ्याला साधारण पाच ते आठ आठवडे लागतात. युरोपीय मार्गदर्शक यासाठी तापपट्टी, म्हणजे नळी उबदार ठेवणारी विजेची पट्टी, घ्यायला सांगतात, आपल्याकडे तो खर्च करू नये. पहिल्या कामकरी बाहेर आल्या, की टाचणीच्या डोक्याएवढा पातळ केलेल्या काकवीचा किंवा मधाचा थेंब आणि डासाचा एखादा तुकडा द्यावा. पुढे आठवड्यातून दोनदा झुरळाच्या पिल्लाचा, नाकतोड्याचा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण पुरतो. फवारणी झालेल्या घरातील झुरळ कधीही देऊ नये. धान्यवेच्या मुंग्यांना राजगिरा, खसखस, नाचणी, भरडलेली बाजरी द्यावी, मात्र ती स्वयंपाकघरातली असावी. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेले असते आणि त्याने अख्खी वसाहत जाते.

वीस-पंचवीस कामकरी झाल्याशिवाय मोठे घर देऊ नये. त्यानंतर पीओपीचे किंवा बांधकामातील हलक्या सच्छिद्र ब्लॉकचे कोरलेले घर, वर काच आणि काचेवर सजावटीचा लाल जिलेटिन कागद एवढे पुरते. मुंग्यांना लाल रंग जेमतेम दिसतो, त्यामुळे त्यांना अंधार वाटतो आणि आपल्याला पाहता येते. मुंग्या नळीतून झटकून काढू नयेत. नळीचे तोंड नव्या घराशी चिकटपट्टीने जोडून नळीवर उजेड आणि घरावर अंधार ठेवला, की त्या आपणहून अंडी-अळ्या उचलून बिऱ्हाड हलवतात.

हवेप्रमाणे बदल

येथे पुन्हा प्रदेश आडवा येतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये शत्रू म्हणजे बुरशी. कापसावर हिरवट-काळे ठिपके दिसू लागले, की शेजारी नवी नळी जोडून वर सांगितल्याप्रमाणे उजेड-अंधार करावा. मुंग्या पळून जाऊ नयेत म्हणून, त्यांचे घर ज्या डब्यात ठेवले त्याच्या काठाला टाल्कम पावडर आणि स्पिरिट यांचा लेप लावण्याची पद्धत पुण्यात उत्तम चालते, पण कोकणच्या दमट हवेत तो लेप ओलसर होऊन दोन-तीन दिवसांत निकामी होतो. तेथे काठाच्या आतून व्हॅसलिनचा किंवा खाद्यतेलाचा अगदी पातळ थर द्यावा, आणि आजी फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असे तसा सगळा डबा पाणी भरलेल्या परातीत मधोमध ठेवावा. तिने मुंग्या बाहेर ठेवण्यासाठी जे केले ते आपण आत ठेवण्यासाठी करायचे.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा पीओपीचे घर दिवसाआड ओलसर करावे, गच्चीखालच्या खोलीतून ते तळमजल्यावर आणावे आणि कूलरच्या खोलीत, पण झोत न लागेल असे, जमिनीलगत ठेवावे. एसीची हवा गार असली तरी कोरडी असते, हे शहरातल्यांनी लक्षात घ्यावे. पुण्या-नाशिकच्या थंडीत डोंगळ्यांची हालचाल आणि राणीची अंडी दोन्ही मंदावतात. ते आजारपण नसते, खाणे कमी करावे आणि फेब्रुवारीची वाट पाहावी.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांनी हाच हिशेब तिथल्या पावसाशी आणि कायद्याशी जुळवावा. ब्रिटनमध्ये लेसियस नायजर, अमेरिकेच्या पूर्व भागात ‘कॅम्पोनोटस पेनसिल्व्हॅनिकस’, दोघींना हिवाळी विश्रांती द्यावीच लागते. आखातात वाळवंटी कॅम्पोनोटस मिळतात. गावाकडची आठवण म्हणून डोंगळ्याची राणी सामानातून नेण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर तो विमानतळावर पोहोचण्याआधी सोडून द्यावा.

एक व्यवस्था पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावी: पुढे वसाहत नकोशी झाली तर तिचे काय करायचे. राणी जेथे उचलली त्या जागेची आणि तारखेची चिठ्ठी नळीला चिकटवून ठेवावी. तिथेच, संध्याकाळी, झाडाच्या बुंध्याशी ती सोडता येते. जिच्या गावाचा पत्ता माहीत नाही किंवा जी दुसऱ्या प्रदेशातून आली, ती वसाहत कोठेही मोकळी सोडू नये. डबा बंद करून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावा.